संमती आणि समजूत

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून अथवा त्याच्या आप्तांकडून एका छापील कागदावर सही घेण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की, तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. गोव्याचे इस्पितळ असो, बेळगावचा दवाखाना असो की इंदूर-बडोद्याचे रुग्णालय असो; कागद पुढे येतो, बोट ठेवून जागा दाखविली जाते आणि सही होते. कागदावर काय लिहिले आहे हे वाचणारा विरळा. वाचून प्रश्न विचारणारा त्याहून विरळा. आम्ही वकिलीचा व्यवसाय करतो. सहीचे मोल काय असते आणि न समजता केलेल्या सहीने माणूस कसा अडचणीत येतो, हे आम्हांस नित्य पाहावे लागते. घराच्या खरेदीखतावर सही करण्यापूर्वी दहा ठिकाणी विचारपूस करणारा सावध गृहस्थ स्वतःच्या देहासंबंधीच्या कागदावर मात्र डोळे मिटून सही करतो, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

या नवलाचा उलगडा बराचसा इतिहासात सापडतो. रुग्णाची संमती हा विषय दोन निरनिराळ्या वाटांनी आजपर्यंत चालत आला आहे. एक वाट न्यायालयांची. तिने रुग्णास ‘तुझ्या देहाचा धनी तू’ असे सांगितले. दुसरी वाट काही डॉक्टरांची, परिचारिकांची आणि खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्यांची. तिने रुग्णास व त्याच्या घरच्यांस शिकविले. पहिल्या वाटेने अधिकार दिला. दुसरीने तो अधिकार वापरण्याची पात्रता दिली. या दोन वाटा फार काळ एकमेकींस भेटल्याच नाहीत, आणि त्या भेटल्यावाचून संमतिपत्रक हा केवळ कागदच राहणार, असे आमचे म्हणणे आहे. ते वाचकांपुढे क्रमाने मांडतो.

प्रारंभ आपल्याच घरापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. यांतील प्रत्येकाचे चार-चार गुणही सांगितले आहेत. परिचारकाच्या गुणांत उपचारज्ञता, म्हणजे शुश्रूषा कशी करावी याचे ज्ञान, हा पहिला गुण. मागाहून दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. रोग्याच्या ठिकाणी स्मृती हवी, निर्भयपणा हवा, आपल्यास काय होते ते नीट सांगण्याचे सामर्थ्य म्हणजे ज्ञापकत्व हवे आणि निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याची आज्ञा पाळण्याची वृत्तीही हवी. शुश्रूषा करणाऱ्यास नुसती माया असून चालत नाही, त्यास ज्ञानही हवे, ही गोष्ट आमच्या पूर्वजांनी इतक्या स्पष्टपणे ओळखली होती. मात्र रोग्याने सांगावे आणि मग ऐकावे, एवढीच त्याची भूमिका. निर्णयात त्याचा वाटा कोठे दिसत नाही.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात, उदररोगाच्या प्रकरणात, याहून बोलके स्थळ आहे. सर्व उपाय हरले आणि विषाचा प्रयोग करण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर वैद्याने उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आहे व केल्यास जगण्याविषयी संशय आहे हे उघडपणे सांगावे आणि अनुज्ञा घेऊनच पुढे जावे, असे तेथे म्हटले आहे. धोका स्पष्ट सांगून परवानगी घेण्याचा हा दंडक किती प्रौढ आहे! पण अनुज्ञा कोणाची? ज्ञातिबांधवांची, मित्रांची, पत्नीची, ब्राह्मणांची, राजाची आणि गुरूंची. या नामावळीत रोग्याचे स्वतंत्र नाव नाही. त्याची इच्छा गृहीत धरली असेल, अथवा तो बोलण्याच्या स्थितीत नसेल. तथापि सर्वांस विचारावे आणि ज्याचा देह त्यास वगळावे, ही रीत पुढे दोन हजार वर्षे आपल्या घराघरांत टिकली, हे नाकारता येणार नाही.

युरोपातही फार निराळे घडत नव्हते. १७६७ साली इंग्लंडमधील न्यायालयापुढे एक खटला आला. स्लेटर नावाच्या गृहस्थाचे मोडलेले हाड जुळत आले होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील एक नामांकित शल्यवैद्य आणि त्याचा औषधविक्रेता सहकारी यांनी ते हाड पुन्हा मोडले आणि एक पोलादी यंत्र पायास बसविले. रुग्ण नको म्हणत असताही बसविले. जूरीने ५०० पौंड नुकसानभरपाई दिली आणि ती कायम राहिली. रुग्णास आधी सांगणे ही शल्यवैद्यांचीच रूढी आहे, असे न्यायालयाने म्हटले. परंतु सांगावयाचे कशासाठी? तर रुग्णाने धीर गोळा करावा आणि शस्त्रक्रिया सोसण्यास मनाची तयारी करावी, यासाठी. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घेता हे कारण क्रूर नव्हते. पण येथेही रुग्णाने निवड करावी ही कल्पना नव्हतीच. सांगणे हे सोसण्यासाठी होते, ठरविण्यासाठी नव्हे.

ठरविण्याचा अधिकार प्रथम स्वच्छ शब्दांत उच्चारला गेला तो अमेरिकेत, १९१४ साली. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पोटाच्या विकारासाठी १९०८ साली दाखल झालेल्या श्लोएन्डॉर्फ नावाच्या बाईंनी ‘भूल देऊन तपासा, पण शस्त्रक्रिया करू नका’ असे बजाविले होते, अशी त्यांची तक्रार होती. भुलेत असताना त्यांची गाठ काढण्यात आली. पुढे हात सडला आणि काही बोटे गमवावी लागली. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी या खटल्यात जे तत्त्व सांगितले, ते आज जगभरच्या वकिलांस पाठ आहे : सज्ञान आणि सुबुद्ध अशा प्रत्येक माणसास आपल्या देहाचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आहे. मात्र या प्रसिद्ध वाक्याच्या पाठीमागची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाई खटला हरल्या. धर्मादाय रुग्णालय आपल्या डॉक्टरांच्या कृत्यास जबाबदार नाही, असे ठरून त्यांस काही मिळाले नाही. अधिकार जन्मास आला. पण जिच्यामुळे आला तिच्या हाती तो लागला नाही.

पुढे १९५७ हे साल मोठे लक्षणीय ठरले. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयाविरुद्ध साल्गो नावाच्या रुग्णाचा दावा चालला. महारोहिणीच्या तपासणीनंतर त्याचे पाय लुळे पडले होते. या निकालपत्रात ‘समजून दिलेली संमती’ या अर्थाचा शब्दप्रयोग आला आणि तो तेथून सर्वत्र पसरला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बोलम खटला चालला. मनोरुग्णास विजेचे झटके देताना त्याची हाडे मोडली होती आणि या धोक्याची त्यास कल्पना दिली नव्हती. तेथे ठरले ते असे की, डॉक्टरांच्या एखाद्या जबाबदार वर्गास जे योग्य वाटते त्याप्रमाणे डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजी ठरत नाही. एकाच वर्षी दोन दिशा! रुग्णास किती सांगावे, याचे माप एकीकडे रुग्णाच्या हाती जाऊ लागले. दुसरीकडे ते डॉक्टरांच्याच हाती राहिले. १९७२ साली अमेरिकेत कँटरबरी खटल्यात पहिली दिशा पक्की झाली : रुग्णाच्या निर्णयास जे जे महत्त्वाचे, ते ते त्यास सांगितले पाहिजे. इंग्लंडने मात्र १९८५ च्या सिडवे खटल्यातही, काही अपवाद सांगून, आपले जुने मापच मुख्यत्वे चालू ठेविले.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. न्यायालयांत हा वाद चालू होण्याच्या कितीतरी आधी बॉस्टन शहरात एलियट जोस्लिन नावाचे डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करीत होते. इन्सुलिन अद्याप हाती आले नव्हते. कडक पथ्य हाच एक उपाय होता. जोस्लिन यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. रुग्ण दिवसातून तीन वेळा जेवतो आणि जेवणाच्या पानावर डॉक्टर हजर नसतो. तेव्हा या रोगात रोजचा निर्णय डॉक्टर घेऊच शकत नाही. तो रुग्ण घेतो, किंवा रांधून वाढणारी त्याच्या घरची बाई घेते. त्यांनी घ्यावा की न घ्यावा हा प्रश्नच नाही. अज्ञानाने घ्यावा की ज्ञानाने घ्यावा, एवढाच प्रश्न आहे. १९१८ साली जोस्लिन यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली, ती डॉक्टर आणि रुग्ण या दोघांस उद्देशून होती. एकच पुस्तक दोघांच्या हाती देणे, हेच त्या काळी नवल होते. १९२२ पासून इन्सुलिन मिळू लागले आणि शिकविण्याची निकड आणखीनच वाढली. अन्न तोलावे कसे, लघवी तपासावी कशी, सुई कशी टोचावी, चक्कर आली तर काय करावे, हे सारे रुग्णांस व त्यांच्या आयांस शिकविण्यासाठी त्यांनी परिचारिकांस तयार केले आणि त्यांस घरोघरी पाठविले. शिकविणे हे उपचाराचे उपांग नसून तोच उपचार आहे, अशी त्यांची धारणा होती. १९६२ साली ते निवर्तले, तोपर्यंत मधुमेहावरील त्यांची ही पाठशाळा जगन्मान्य झाली होती.

याच वाटेवरचा पुढचा मोठा मुक्काम पुन्हा स्टॅनफर्ड विद्यापीठातच लागावा, हा योगायोग मौजेचा आहे. ज्या विद्यापीठाविरुद्धच्या निकालाने ‘समजून दिलेली संमती’ हा शब्द जगास दिला, त्याच विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस केट लोरिग या विदुषींनी संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. सहा आठवडे, आठवड्यास एक बैठक. आणि शिकविणारे डॉक्टर नव्हेत, तर स्वतः तोच आजार भोगणारी सामान्य माणसे. वर्गांचा गुण आला. पण तो का आला याचा शोध घेता जे आढळले ते अनपेक्षित होते. रुग्णांस माहिती किती मिळाली किंवा त्यांनी व्यायाम किती केला, यापेक्षा ‘मला हे जमेल’ हा विश्वास ज्यांच्या मनात रुजला त्यांस अधिक बरे वाटत होते. या पद्धतीवरून २००२ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही ‘जाणकार रुग्णां’चे वर्ग चालविले. शिक्षण म्हणजे माहितीची पत्रके वाटणे नव्हे, हा या अनुभवाचा सारांश होय.

इकडे न्यायालये अधिकार देत होती, तिकडे शिक्षक पात्रता घडवीत होते. आणि दोघांची गाठ पडत नव्हती. ती न पडल्याने काय होते, याचे उदाहरण स्कॉटलंडमधील माँटगोमरी खटल्यात दिसते. १९९९ साली प्रसूत झालेली ही स्त्री मधुमेही होती. इन्सुलिन घेणारी आणि चणीने लहान. मधुमेही मातेचे मूल मोठे असण्याचा संभव असतो आणि प्रसूतीत त्याचे खांदे अडकण्याची शक्यता शंभरांत ९ ते १० इतकी असते. ‘मूल मोठे आहे, नीट प्रसूत होईल ना?’ अशी काळजी तिने पुन:पुन्हा बोलून दाखविली. तरीही हा धोका तिला सांगण्यात आला नाही. कारण सांगितला तर अशी प्रत्येक स्त्री सिझेरियन मागेल आणि ते त्यांच्या हिताचे नाही, असे डॉक्टरांचे मत होते. खांदे अडकले, प्राणवायू न मिळाल्याने मूल जन्माचे अपंग झाले. ११ मार्च २०१५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने मातेच्या बाजूने निकाल दिला, ५२ लाख ५० हजार पौंडांची भरपाई ठरली आणि सांगण्याच्या बाबतीत बोलमचे माप इंग्लंडनेही सोडून दिले. यातील एक तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. ही स्त्री रेणवीय जीवशास्त्राची पदवीधर होती. शिक्षण होते, प्रश्न विचारण्याची हुशारी होती. पण या प्रसंगापुरते जे शिकविणे आवश्यक होते, ते कोणी केले नव्हते.

हा तपशील ध्यानात ठेवावा असे आम्ही का म्हणतो, ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली निकाल वाचला म्हणजे कळते. दिल्लीतील एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने १९९५ साली दुर्बिणीद्वारे तपासणी व गरज पडल्यास पोट उघडून उपचार करण्यास संमती दिली होती. ती भुलेत असताना साहाय्यक डॉक्टर बाहेर आल्या, त्यांनी तिच्या वृद्ध आईची संमती घेतली आणि मुलीचे गर्भाशय व बीजाशय काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले : प्राणावर बेतलेले नव्हते, रुग्ण सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, आईची संमती चालणार नाही. चरकाच्या नामावळीतून वगळलेल्या रोग्यास आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या दिवशी नामावळीच्या शिरोभागी बसविले, असे म्हणावयास हरकत नाही. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम हे सारे सांगितले पाहिजे, असेही ठरले. भरपाई मात्र २५,००० रुपयांचीच मिळाली.

परंतु याच निकालात न्यायालयाने अमेरिकेचे कडक माप स्वीकारण्याचे नाकारले. कारण असे दिले की, आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, निरक्षर किंवा अर्धसाक्षर आहेत. वैद्यकातील संज्ञा व उपचारांचे स्वरूप त्यांस आकळणार नाही. आणि डॉक्टरांवर फार ओझे टाकल्यास उपचारच महागतील. न्यायालयाची ही चिंता खोटी नव्हती. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याने एक सकाळ घालविली आहे, तो डॉक्टरांस दोष देण्यास सहसा धजणार नाही. तथापि या युक्तिवादाशी आमचा नम्र मतभेद आहे. पदवीधर बाईसही न सांगितलेले समजले नाही, हे आपण पाहिले. मग निरक्षर माणसास सांगितलेलेही समजणार नाही, हे कशावरून ठरविले?

असे गृहीत धरल्यावर काय घडते, याचे चित्र २००९ साली सुरू झालेल्या एका लसप्रकल्पात दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या दोन जिल्ह्यांत मुलींस देण्यात आली. लस उपयुक्त आहे की नाही हा येथे प्रश्न नाही; ती उपयुक्त असल्याचे आता जगाने मान्य केले आहे. प्रश्न संमतीचा होता. प्रकल्प २०१० साली थांबविण्यात आला आणि संसदीय समितीने २०१३ साली आपला अहवाल दिला. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, असे त्यात नमूद आहे. अंगठा उठविणाऱ्या बापास आणि आईस काय सांगितले गेले होते? वसतिगृहाच्या अधीक्षकास दुसऱ्याच्या मुलीच्या देहाविषयी सही करण्याचा अधिकार कोणी दिला? एका चांगल्या लसीची बदनामी व्हावयास अशी संमतीच कारण झाली. समजूत न घालता घेतलेली संमती केवळ रुग्णाचेच नुकसान करते असे नाही; ती वैद्यकावरील विश्वासाचेही नुकसान करते.

निरक्षर माणसास शिकविता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. ते महाराष्ट्रातच दिले गेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावाने निवडलेल्या स्त्रिया, त्यांतील अनेक निरक्षर आणि अनेक दलित, या त्यांच्या विद्यार्थिनी. गरोदर बाईची तपासणी, बालकाचा जुलाब, कुष्ठरोगाची पहिली खूण, हे सारे त्या शिकल्या आणि गावास शिकवू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांचा सल्ला गाव घेऊ लागले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरा पुरस्कार तो नव्हता. एका पिढीच्या आयांस ‘केव्हा घरी थांबावे आणि केव्हा दवाखाना गाठावा’ हे कळू लागले, तो होता.

गडचिरोलीस डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून हेच सूत्र पुढे नेले. त्यांनी आपले रुग्णालय आदिवासींच्या सल्ल्याने गोंड गावाच्या धर्तीवर बांधले. नातलगांस रुग्णाजवळ राहता यावे अशी त्यात सोय ठेविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ३९ गावांतील थोडे शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकाची काळजी व जंतुसंसर्गाचे निदान शिकविल्यावर तेथील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. बाळ आजारी आहे हे प्रथम ओळखणारी, आणि पुढे काय करावे हे ठरविणारी, आईच असते. तिच्या घराशीच ज्ञान येऊन उभे राहिल्यावर तिचा निर्णय बदलला.

नुसत्या खेड्यातच नव्हे, शहरातील मोठ्या रुग्णालयांतही हे घडू शकते. २०१२ च्या सुमारास स्टॅनफर्डच्याच काही विद्यार्थ्यांनी कर्नाटकातील नारायण हृदयालयाच्या सहकार्याने एक साधा प्रयोग आरंभिला. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाहेरच्या बाकांवर दिवसचे दिवस ताटकळणाऱ्या नातेवाइकांस वर्गात बसवावयाचे. जखम कशी जपावी, नाडी कशी मोजावी, कोणती लक्षणे धोक्याची, हे करून दाखवावयाचे आणि त्यांच्याकडून करवून घ्यावयाचे. ‘नूरा हेल्थ’ या नावाने हे काम पुढे अनेक राज्यांतील सरकारी रुग्णालयांत पसरले. चरकाने सांगितलेली परिचारकाची उपचारज्ञता अशी पुन्हा रुग्णालयात आली.

आता आमच्या वाचकांच्या घरांकडे पाहू. आपण सीमेवरची आणि स्थलांतरित माणसे. आपल्या घराची भाषा व कागदाची भाषा सहसा एक नसते. गोव्यात १८४२ पासून वैद्यकाचे शिक्षण होते, पण ते पोर्तुगिजात. रुग्ण मात्र कोकणी व मराठी बोलत राहिला. ‘इस्पितळ’ हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला आणि घरचा केला. इस्पितळातील ज्ञान काही तितके घरचे झाले नाही. आज बेळगावात छापील कागद कन्नड वा इंग्रजी असेल, बडोद्यात गुजराती असेल, हैदराबादेत तेलुगू असेल. म्हणून आजीस तिच्या बोलीत सांगणारे माणूस तेथे हवे, आणि ते काम बहुधा घरच्यांसच करावे लागते. घरच्यांनी ते करावे कसे, हे त्यांस कोणी शिकविलेले नसते.

त्यातच आपली एक जुनी खोड आहे. कर्करोगाचे निदान झाले की घरातील वडीलधारे डॉक्टरांस बाजूस घेऊन म्हणतात, ‘त्यांना काही सांगू नका.’ यामागे प्रेम असते, यात शंका नाही. पण ही खोड केवळ भारतीय आहे असेही कोणी समजू नये. १९६१ साली अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी ‘आम्ही कर्करोग रुग्णास सांगत नाही’ असे म्हटले होते. १९७९ च्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एवढा पालट झाला! तेव्हा रूढी म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. जो रुग्ण ‘मला सांगू नका, तुम्हीच ठरवा’ असे स्वतः म्हणतो, त्याचे म्हणणे मानावेच. तोही त्याचाच निर्णय आहे. परंतु त्यास न विचारता त्याच्या वतीने हे ठरविणे वेगळे.

आणि रुग्ण बोलू शकत नसेल तर? या प्रश्नाने आपल्या देशास दीर्घकाळ अस्वस्थ केले ते अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची ही परिचारिका १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अचेतनप्राय झाली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्ज करणाऱ्या लेखिकेस दिला नाही. सदतीस वर्षे तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांस दिला, आणि त्यांनी तिला जगू द्यावे असे म्हटले. १८ मे २०१५ रोजी ती त्याच रुग्णालयात निवर्तली. त्या निकालाविषयी मतभेद असतील. परंतु जो जवळ राहिला, ज्याने शुश्रूषा केली, तो जाणतो, हा त्यातील विचार आम्हांस मननीय वाटतो.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, आपण असाध्य अवस्थेत गेल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. ‘लिव्हिंग विल’ म्हणून ओळखला जाणारा हा कागद आरंभी दंडाधिकाऱ्यापुढे करावा लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट सैल झाली आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू माणसांची नावे त्यात घालता येतात. ३१ मे २०२४ रोजी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा कागद करून राज्यात पायंडा घातला. ३० जानेवारी २०२५ रोजी कर्नाटक सरकारने या निकालाच्या अंमलबजावणीचे परिपत्रक काढले. म्हणजे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारापर्यंत हा अधिकार येऊन पोहोचला आहे.

परंतु वकील म्हणून आम्ही सांगतो की, हा कागद करणे सोपे आहे; त्यापूर्वीचे बोलणे कठीण आहे. व्हेंटिलेटर म्हणजे काय, तो लावल्यावर काय होते, तो न लावल्यास वेदना कशा शमवितात, आपणांस काय हवे आणि कशाची भीती वाटते, हे घरात कधी बोललेच नसेल, तर अतिदक्षता विभागाच्या दारात पहाटे तीन वाजता मुलाने काय ठरवावे? त्या घटकेस कोणी कोणास शिकवू शकत नाही. शाळा आधी भरावी लागते.

ती भरविण्यास फार सामग्री लागत नाही. आपल्या वाचनालयांत, महिला मंडळांत व व्याख्यानमालांत वर्षातून एखादा दिवस याकरिता राखून ठेवावा. डॉक्टर, परिचारिका आणि ज्यांनी आजार भोगला आहे अशा माणसांस बोलवावे. बोलणे मराठीत व कोकणीत व्हावे. रुग्णाने विचारावयाचे प्रश्न तीनच : माझ्यापुढे कोणते मार्ग आहेत? प्रत्येकाचे लाभ आणि धोके काय? मी काहीच केले नाही तर काय होईल? आणि डॉक्टरांनी सही घेण्यापूर्वी एकच विनंती करावी : ‘मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत मला सांगा पाहू.’ रुग्णास ते सांगता आले, तर संमती पूर्ण झाली. न आले, तर दोष त्याच्या निरक्षरतेचा नाही, शिकवणी अपुरी राहिली एवढेच समजावे आणि पुन्हा सांगावे. डॉक्टरांस वेळ नसेल तर हे काम परिचारिका करील, समाजसेविका करील, किंवा त्याच आजारातून उठलेला शेजारच्या खाटेवरचा माणूसही करील. जामखेडच्या निरक्षर बायांनी जे करून दाखविले, ते आपल्या शहरांत होणार नाही असे आम्हांस वाटत नाही.

न्यायालयांनी आपले काम बहुतांशी केले आहे. कायद्याने जेवढे देता येते तेवढे त्यांनी दिले. पुढचे काम कायद्याच्या आवाक्यातले नाही. ते घराचे, दवाखान्याचे आणि समाजाचे आहे.